एकाच सिलिंडरची जुनी गाडी

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, सॅन डिएगो परगण्यात, कार्ल्सबाड गावाजवळच्या ज्या माळावर आज गोदामे आणि कचेऱ्यांच्या इमारती उभ्या आहेत, त्याच माळावर २००४ सालापर्यंत मोटरसायकलींच्या शर्यतींचे एक मैदान होते, आणि त्या मैदानावर १९७९ साली गॅव्हिन ट्रिप या जन्माने इंग्रज असलेल्या संयोजकाने एक अभिनव शर्यत भरविली. डांबरी वळणांवर धावणारे, मातीच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर धावणारे आणि टेकाडांवरून झेपा घेत जाणारे असे निरनिराळ्या पंथांचे स्वार त्या काळी अमेरिकेत होते आणि प्रत्येक पंथाला आपलाच स्वार सर्वश्रेष्ठ वाटत असे. तेव्हा काही भाग डांबराचा व काही मातीचा अशी एकच वाट आखून सर्वांना तीवर एकत्र सोडावे आणि या वादाचा एकदाचा निवाडा करून टाकावा, अशी ट्रिप यांची कल्पना होती. एबीसी या दूरचित्रवाणी संस्थेने ती शर्यत 'सुपरबायकर्स' या नावाने घरोघर पोचविली. १९८५ नंतर अमेरिकेत तो कार्यक्रम बंद पडला, परंतु तोवर त्याचे बीज युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये जाऊन रुजले होते, आणि २००२ साली त्या खेळाला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. त्यालाच आज सुपरमोटो म्हणतात.

या शर्यतीने जी गाडी घडविली तिचे रूप प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. रानगाडीचा उंच, सडपातळ सांगाडा, लांब पल्ल्याचे शॉकअप, रुंद हँडल आणि एकाच मोठ्या सिलिंडरचे एंजिन एवढे सगळे तसेच ठेवावयाचे. मात्र मातीत चालणारे २१ इंची अरुंद पुढले चाक काढून तेथे रस्त्यावरील शर्यतीचे १७ इंची रुंद चाक, त्यावर डांबराला चिकटून राहणारे रबर, आणि पुढे ३२० मिलिमीटर व्यासाची ब्रेकची डिस्क बसवावयाची. ऑस्ट्रियातील माटिगहोफेन गावच्या केटीएम कारखान्याने १९९४ साली याच वळणाची ६०९ सीसीची एक रस्त्यावरची गाडी काढून तिला 'ड्यूक' हे नाव दिले. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात २०१३ पासून तयार होऊ लागलेली ३७३ सीसीची जी ड्यूक आज आपल्याकडे महाविद्यालयांच्या दाराशी रांगेने उभी दिसते, ती नावाने त्याच घराण्यातील आहे, ही गोष्ट तिच्या पुष्कळशा मालकांनाही ठाऊक नसते.

मी सॅन डिएगो परगण्यात वीस वर्षांहून अधिक काळ राहत आहे, आणि पालोमार पर्वतावरील वेधशाळेकडे दक्षिणेकडून जो घाटरस्ता चढतो त्यावर रविवारी सकाळी जाण्याचा माझा परिपाठ आहे. त्या रस्त्यावर एका वळणातून गाडी सरळ होते न होते तोच दुसरे वळण समोर येते, वेग तासाला तीस-पस्तीस मैलांच्या वर क्वचितच जातो, आणि अशा ठिकाणी दीडशे अश्वशक्तीच्या चार सिलिंडरी गाडीवरील स्वार आपल्या सामर्थ्याचा चतुर्थांशही वापरू शकत नाही, तर चाळीस अश्वशक्तीच्या सुपरमोटोवर ताठ बसलेला स्वार आपल्या गाडीतील प्रत्येक कण उपयोगात आणीत असतो. कायद्याने घातलेल्या वेगमर्यादेच्या आत राहून पूर्ण समाधान देणारी गाडी माझ्या माहितीत ही एकच आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी मला इतके ममत्व वाटते. हमरस्त्यावर मात्र तिची शोभा नाही: सत्तर मैलांच्या वेगाला वारा छातीवर आदळतो, अरुंद आसन तासाभरात बोचू लागते आणि हँडलमधून येणारी कंपने बोटांना मुंग्या आणतात. ज्याला दररोज चाळीस मैल हमरस्त्याने कामावर जावयाचे आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

एकाच सिलिंडरचा ठोका मराठी माणसाला नवा नाही. बुलेट गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की घरातल्यांना ती आल्याची वर्दी मिळत असे. परंतु जुन्या बुलेटच्या एंजिनात पिस्टनाचा व्यास ७० मिलिमीटर आणि त्याची धाव ९० मिलिमीटर असे, म्हणजे विहिरीसारखे अरुंद व खोल सिलिंडर. सुझुकीच्या डीआर ६५० या गाडीत व्यास १०० आणि धाव ८२ मिलिमीटर असते, म्हणजे वरणाच्या वाटीच्या तोंडाएवढा रुंद पिस्टन थोडक्या उंचीत वरखाली होतो, आणि त्यामुळे ते एंजिन अधिक फेरे सोसू शकते. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या गतीला अशा एंजिनात सेकंदाला पंचवीस स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाचा रेटा मागच्या चाकापर्यंत स्वतंत्रपणे पोचतो, म्हणून वळणातून बाहेर पडताना मनगट किंचित वळविले की गाडी जागच्या जागी उत्तर देते. त्याचा मोबदलाही द्यावा लागतो. तो जड पिस्टन प्रत्येक टोकाला थांबून परत फिरताना साऱ्या सांगाड्याला हादरा देतो. तो शमविण्यासाठी एंजिनात उलट फिरणारा तोलदंड बसविलेला असतो, तरी काही कंप उरतोच, आणि त्या कंपाने नट ढिले होतात, कंसांना चिरा पडतात, तारांचे वेष्टण घासून जाते. जुन्या एकसिलिंडरी गाडीची परीक्षा म्हणजे बव्हंशी या कंपाने काय काय केले आहे आणि मालकाने त्याचा बंदोबस्त काय केला आहे, याची परीक्षा होय.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा शिक्षण संपवून याच भागात नोकरीला लागला आणि एका संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मामा, मला तुमच्यासारखी गाडी घ्यायचीय. नवी परवडणार नाही. शर्यतीतली एक साडेचारशे सीसीची स्वस्तात मिळतेय." ती गाडी त्याने घेऊ नये म्हणून मला बरेच बोलावे लागले. शर्यतीसाठी जन्मलेल्या ४५० सीसी गाड्यांचे आयुष्य मैलांत मोजीत नाहीत, तासांत मोजतात. त्यांत एंजिन ऑइल थोडेसेच मावते, ते दहा-पंधरा तासांच्या चालीनंतर बदलावे लागते, आणि पिस्टनही नेमाने नवा घालावा लागतो. जो मनुष्य शनिवारी शर्यत करतो आणि रविवारी पाने घेऊन बसतो त्याच्यासाठी ती व्यवस्था योग्य आहे. नोकरदाराला ती गाडी पहिल्याच वर्षी दारिद्र्यात लोटील. शिवाय अशा गाड्या केवळ रानवाटेसाठी नोंदलेल्या असतात, आणि एकदा तशी नोंद झालेल्या गाडीला कॅलिफोर्नियात रस्त्याचा परवाना मिळविणे आता अशक्यप्राय आहे.

मग उरतात त्या रस्त्यासाठीच नोंदलेल्या गाड्या. येथे एका अक्षराने घोटाळा होतो तो सांगितला पाहिजे. होंडाची एक्सआर ६५० एल ही १९९३ पासूनची हवेने थंड होणारी, बटणाने सुरू होणारी, दिव्यांसह आलेली रस्त्याची गाडी. तर २००० साली आलेली एक्सआर ६५० आर ही पाण्याने थंड होणारी, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची, केवळ किक मारून सुरू होणारी गाडी, जी अमेरिकेत रानगाडी म्हणूनच विकली गेली. जाहिरातीत दोन्ही 'एक्सआर ६५०' अशाच येतात. सुझुकीची डीआर-झेड ४०० एसएम ही ३९८ सीसीची गाडी २००५ पासून कारखान्यातूनच सुपरमोटोची चाके लेवून येत होती, त्यामुळे नवख्याला ती सर्वांत सोयीची. मात्र सर्वांनाच ती हवी असल्याने जुनीचाही भाव चढा असतो. केटीएमची ६९० एसएमसी आणि तिच्याच एंजिनाची हुस्कवार्ना ७०१ या सामर्थ्यात सर्वांच्या वर. २०१९ च्या ६९० ची शक्ती कारखाना ७४ अश्वशक्ती सांगतो. तिची पेट्रोलची टाकी आसनाखाली आहे आणि ती टाकीच गाडीच्या मागच्या अंगाचा सांगाडाही आहे, म्हणून गाडी मागे आपटलेली असेल तर टाकी व मुख्य सांगाडा जेथे जोडले जातात त्या बोल्टांपाशी चीर आहे काय, हे विजेरी लावून पाहिल्यावाचून तिचा सौदा करू नये. ज्याच्या हातात अनुभव आहे आणि गाठीला पैसा आहे त्याने ती अवश्य घ्यावी. भाच्यापाशी दोन्ही बेताचेच होते, म्हणून आम्ही सुझुकीच्या डीआर ६५० च्या शोधात निघालो. ही गाडी १९९६ पासून फारशा फेरफारांवाचून चालत आली आहे. तिच्यात पाण्याची टाकी नाही, पाण्याचा पंप नाही, आणि तिचे टॅपेट साध्या स्क्रूने व नटाने घरच्या घरी जुळविता येतात.

पहिल्या ठिकाणी गाडी झळझळीत होती. नवे प्लास्टिक, नवी चित्रे, चाकांना सोनेरी रंग. भाचा हरखून म्हणाला, "मामा, कोरी दिसतेय हो!" मी त्याला म्हटले, "रंगाकडे मागाहून बघू. आधी एंजिनाला हात लाव." त्याने तळहात टेकविला आणि चटकन काढून घेतला, आम्ही येण्यापूर्वी अर्धा तास तरी ते चालविलेले होते. गरम एंजिन आपले दोष लपविते: जीर्ण झालेले ऑइल सील आणि पिस्टनाच्या झिजलेल्या रिंगा तापल्यावर फुगून बसतात, ढिली कॅम चेन ऑइल पोचले की शांत होते, आणि चोकशिवाय सुरू न होणारी गाडी एका झटक्यात सुरू होते. माझी स्वतःची पहिली मोठी एकसिलिंडरी गाडी मी अशीच, संधिप्रकाशात, विक्रेत्याने आधी तापवून ठेवलेली घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने निळ्या धुराचा असा लोट सोडला की शेजारी बाहेर आले, आणि पुढे सिलिंडर नव्याने कोरून घेण्यात गाडीच्या निम्म्या किमतीएवढा खर्च झाला. तो धडा मी भाच्याला फुकट देऊ शकलो याचे मला समाधान आहे.

त्या गाडीने आणखीही काही सांगितले. पुढचे चाक जमिनीवरून उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे नेले असता मध्यभागी ते एका खाचेत बसल्यासारखे अडले. याचा अर्थ कोनसेटच्या, म्हणजे सुकाणूच्या मानेतील, बेअरिंगच्या वाट्यांत गोळ्यांनी खड्डे पाडले आहेत. पुढचे चाक वारंवार हवेत उचलून आपटणाऱ्या स्वारांच्या गाडीत हे हटकून आढळते. मागच्या मडगार्डची कड खालून घासलेली होती, म्हणजे गाडी मागच्या चाकावर उभी करता करता ती जमिनीला टेकली होती. हा खेळ करताना एंजिनातील ऑइल मागे सरते आणि पंपाचे तोंड क्षणभर उघडे पडते. त्या क्षणी वरच्या कॅमशाफ्टला ऑइल मिळत नाही, आणि ती झीज बाहेरून दिसत नाही. सुपरमोटो ही गाडीच अशी आहे की तिच्यावर असे खेळ करण्याचा मोह तरुणांना होतो. म्हणून रस्त्यावरच्या इतर कोणत्याही जुन्या गाडीपेक्षा हिच्या बाबतीत पूर्वीचा मालक कोण, याला अधिक महत्त्व आहे.

हवा तसा मालक आम्हांला चौथ्या ठिकाणी भेटला. साठीच्या पुढचे गृहस्थ होते. गुडघा दुखू लागल्याने गाडी विकीत होते. गॅरेजात गाडीशेजारच्या खिळ्याला दोरीने बांधलेली एक लहान वही लटकत होती, आणि तीत पेन्सिलीने तारीख, मैल आणि केलेले काम अशी दहा वर्षांची नोंद होती: ऑइल, फिल्टर, टॅपेट, चेनस्प्रॉकेट, पुढच्या फोर्कची सीले. त्या वहीतच एका पानावर मला हवी असलेली नोंद सापडली. डीआर ६५० च्या एंजिनात क्लचच्या पाठीमागे, गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खूण देणारा एक लहानसा स्विच दोन स्क्रूंनी बसविलेला असतो. मघाशी सांगितलेल्या कंपाने ते स्क्रू वर्षानुवर्षांनंतर सुटू शकतात, आणि सुटलेला स्क्रू गिअरांच्या दातांत सापडला तर एवढ्याशा तुकड्यापायी अख्खे एंजिन निकामी होते. उपाय साधा आहे: क्लच उतरवून त्या स्क्रूंच्या डोक्यांना भोके पाडावयाची आणि त्यांतून तार ओवून पिळून टाकावयाची. त्या गृहस्थांनी आठ वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने ते केले होते आणि बाजूला आकृतीही काढली होती.

एंजिन थंडगार होते. चोक ओढून बटण दाबताच दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला ते सुरू झाले, वरच्या भागातून टॅपेटची बारीक टिकटिक ऐकू आली, जी या गाडीत असावयासच हवी, आणि सायलेन्सरमधून धूर आला नाही. मी ऑइलचा थेंब बोटांच्या चिमटीत घेऊन उन्हात धरला. तो काळसर होता, पण त्यात धातूची चकाकी नव्हती. पुढच्या फोर्कच्या नळीवरून अंगठा फिरविला तो कोरडा राहिला. मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलविले, ढिलेपणा नव्हता. चाकाच्या तारांवर पान्याने एकेक टिचकी मारीत गेलो तर सगळ्या जवळपास एकाच सुरात वाजल्या. ढिली तार थप्प असा आवाज करते आणि तो एकदा ऐकला की विसरत नाही.

ती गाडी मूळच्याच चाकांवर होती, आणि मला ते अधिक पसंत होते, कारण दुसऱ्याने केलेले रूपांतर बहुधा अर्धवट असते. पुढचे २१ इंची चाक टायरसह सुमारे ६९५ मिलिमीटर व्यासाचे असते, १७ इंची चाक सुमारे ६०० चे; म्हणजे गाडीचे तोंड जवळजवळ पाच सेंटिमीटर खाली येते. डीआर ६५० चे मागचे चाक मुळातच १७ इंची असल्याने तेथे फरक थोडाच पडतो, आणि त्यामुळे सुकाणूचा कोन सुमारे एक अंशाने उभा होतो. वळणात गाडी चपळ होते ती यामुळेच. मात्र शॉकअपची जुळवणी त्या मानाने केली नाही तर वेगात हँडल थरथरू लागते. बाजूचा स्टँडही आता लांब पडतो, गाडी जवळजवळ उभीच राहते आणि वाऱ्याच्या झोताने आडवी होते, म्हणून तो कापून आखूड करावा लागतो. रूपांतरित गाडी पाहावयास गेल्यास मी प्रथम स्टँडच पाहतो, कारण ज्याने तो कापला नाही त्याने बाकीचेही सोडले असण्याचा संभव फार. आणखी एक गोष्ट. या गाडीचे वेगदर्शक पुढच्या चाकावर चालते; लहान चाक अधिक फेरे घेते, म्हणून पन्नास मैलांचा खरा वेग काट्यावर अठ्ठावन्न दिसतो आणि मैलांचा आकडाही त्याच प्रमाणात फुगतो. रूपांतरानंतर दहा हजार मैल दाखविणारी गाडी प्रत्यक्षात साडेआठ हजारांच्या थोडी पुढे चाललेली असते, आणि घासाघीस करताना हा मुद्दा विक्रेत्याच्या बाजूचा असला तरी तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. चाके, टायर, ३२० मिलिमीटरची डिस्क आणि कॅलिपरचा कंस यांना भाच्याला हजार-दीडहजार डॉलर लागले. पैसे टप्प्याटप्प्याने खर्चावयाचे असतील तर ब्रेक आणि टायर यांवर ते आधी खर्चावेत. सायलेन्सर बदलण्याची हौस शेवटी.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. सुकाणूच्या मानेवर कोरलेला सांगाड्याचा क्रमांक मालकीपत्राशी अक्षरशः ताडून पाहावा. मालकीपत्रावर अपघातात मोडीत निघाल्याचा शेरा आहे काय, ते पाहावे. आणि नोंदणीची थकबाकी आधीच विचारून घ्यावी, कारण कॅलिफोर्नियात ती गाडीबरोबर नव्या मालकाच्या माथी येते. हस्तांतरणाची सूचना विक्रेत्याने पाच दिवसांत आणि खरेदीदाराने दहा दिवसांत सरकारदप्तरी द्यावयाची असते. मालकीपत्र हरवले आहे, मागाहून देतो, असे म्हणणाऱ्याला इसाराही देऊ नये.

भाच्याने ती गाडी मागितलेल्या किमतीला घेतली. मी घासाघीस करू दिली नाही, कारण त्या वहीची किंमत वेगळी लावलेली नव्हती. वही आता भाच्याच्या गॅरेजात त्याच दोरीने टांगलेली आहे आणि तीत त्याचे अक्षर सुरू झाले आहे. अशा गाडीच्या शोधात निघणाऱ्या वाचकाला माझी विनंती एवढीच की, कोणतीही गाडी पाहावयास जाण्यापूर्वी आदल्या रात्री विक्रेत्याला फोन करावा आणि स्पष्ट शब्दांत सांगावे: मी सकाळी येईन, तोवर कृपा करून एंजिन सुरू करू नका.